नाशिकच्या चित्रकारांच्या मर्यादित प्रती विकायच्या आहेत: संख्या, किंमत आणि वाटा कसा ठरवू?

चौकटवाली

नमस्कार मंडळी. रविवार कारंजापासून चालत पाच मिनिटांवर आमचं फ्रेमचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि माझे यजमान बघतो. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रं हे नेहमीचं काम. गेल्या काही वर्षांत पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गोविंदनगरकडचे नवे फ्लॅटवाले येतात आणि भिंत मोकळी दिसते म्हणून काहीतरी मागतात. काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा पळणारे सात घोडे. ते फ्लेक्सवर छापून येतात, वर चकचकीत लॅमिनेशन, मी सोनेरी पट्टी लावून देते. दोन हजारांचं बिल होतं. पट्टीवाल्याला पैसे मिळतात, काचवाल्याला मिळतात, मला मिळतात. ज्यानं घोडे काढले त्याचं नावसुद्धा चित्रावर नसतं.

आणि त्याच काउंटरवर आपल्या गावातले चित्रकार प्रदर्शनाआधी चित्रं मढवायला आणतात. एक मुलगा गोदाघाट जलरंगात करतो. नारोशंकराची घंटा, पुराच्या पाण्यात कमरेपर्यंत गेलेला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून गाव पुराचं पाणी मोजतं. एक मुलगी लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा छाप काढते. तिनं तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात, उडी घेणारी पोरं कापली आहेत, नुसत्या काळ्या शाईत, तरी रंगाचं पाणी अंगावर येतंय असं वाटतं. लोक प्रदर्शनात ही चित्रं बघतात, मोबाइलवर फोटो काढतात, मनापासून वाहवा करतात. मूळ जलरंगाची किंमत बारा-पंधरा हजार असते. ती योग्यच आहे, पण पगारदार माणूस तिथे थबकतो. मग चित्रं परत माझ्याकडेच येतात, फ्रेममधून काढून घ्यायला, कारण तीच फ्रेम पुढच्या प्रदर्शनाला वापरायची असते. ते काम करताना माझा हात जड होतो.

म्हणून या चित्रांच्या मर्यादित प्रती दुकानात ठेवायच्या असं ठरवलंय. शिक्षक, नर्स, अंबडला कंपनीत असलेला ऑपरेटर, यांना पगाराच्या आठवड्यात सहज घेता आलं पाहिजे, म्हणजे हजाराच्या आसपास. न्यूयॉर्कमध्ये जेन बेकमन यांनी २००७ साली '२० × २००' या नावानं हेच इंटरनेटवर सुरू केलं होतं. छोट्या आकाराच्या २०० प्रती, प्रत्येकी २० डॉलर. आकार वाढला की प्रती कमी, किंमत जास्त. तो हिशेब मला फार आवडला. पण आपल्या गावात एका चित्राच्या किती प्रती ठेवाव्यात? कागद कोणता? चित्रकाराला किती द्यायचं? आणि 'झेरॉक्सचे हजार रुपये कशाला' असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

लाकूड_आणि_शाई

ताई, फार बरं वाटलं वाचून. मी बडोद्याला प्रिंटमेकिंग शिकलो, सातपूरला एका शेडमध्ये माझा छोटा एचिंग प्रेस आहे, हातानं चित्रं छापायचं यंत्र.

आधी एक फरक पक्का करा. त्या मुलीचा लिनोकट ही मूळ कलाकृतीच आहे. तिनं लिनो कोरला, शाई लावली, कागदावर उमटवला. त्याच्या चाळीस प्रती म्हणजे चाळीस मूळ चित्रं. जलरंगाची डिजिटल प्रत मात्र पुनर्मुद्रण आहे, मूळ चित्र एकच. दोन्ही विकायला हरकत नाही, दोन्ही भिंतीवर छान दिसतात, पण चिठ्ठीवर स्पष्ट लिहा कोणतं काय. 'हाताने छापलेला लिनोकट' आणि 'जलरंगाची डिजिटल प्रत'. झेरॉक्सचा प्रश्न विचारणाऱ्याला अर्धं उत्तर इथेच मिळतं.

आता संख्या. जुन्या छापपद्धतींत मर्यादा साधनांमुळेच यायची. ड्रायपॉइंटमध्ये तांब्यावर सुईनं ओरखडा काढला की कडेला धातूची बारीक खरखर उठते, तिच्यातच शाई धरते आणि ती मखमली रेघ येते. प्रेसच्या दाबानं ती खरखर दबत जाते, काही डझन प्रतींत रेघ फिकी पडते. रिडक्शन लिनोत तर एकच तुकडा प्रत्येक रंगानंतर पुन्हा कोरत जातात, शेवटच्या रंगापर्यंत आधीचा ब्लॉक उरतच नाही. वाढीव प्रती काढायच्या म्हटलं तरी काढता येत नाहीत. डिजिटल फाइल मात्र झिजत नाही. पाचशेवी प्रत पहिलीसारखीच येते. तिथे '१२/५०', म्हणजे पन्नासातली बारावी, असं लिहिलं तर ते पन्नास फक्त तुमच्या आणि चित्रकाराच्या शब्दावर उभं असतं. म्हणून कमी आकडा घ्या आणि तो काही झालं तरी पाळा. पन्नास संपल्यावर मागणी आली तर चित्रकाराकडून नवं चित्र घ्या.

आकडा पेन्सिलीनं लिहायचा, चित्राच्या खाली डावीकडे. मध्ये नाव, उजवीकडे सही. पेन्सिल अशासाठी की ग्राफाइट उडत नाही आणि पेनच्या शाईसारखं कागदात पसरत नाही. चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती वेगळ्या असतात, त्यावर 'ए. पी.' (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहितात. साधारण एकूण संख्येच्या दहा टक्के ठेवायची रीत आहे. त्याही आधीच जाहीर करा.

एक पळवाट लोक वापरतात, तुम्ही वापरू नका. ए-थ्रीच्या पन्नास प्रती 'मर्यादित' म्हणून विकायच्या, संपल्या की तेच चित्र ए-टूमध्ये पुन्हा पन्नास, मग ए-फाइव्हमध्ये शंभर. पहिल्या दिवशीच सगळे आकार आणि सगळ्यांची बेरीज लिहून टाका.

कागद सुती, आम्लमुक्त, ३०० जीएसएमच्या आसपास. शाई पिगमेंट, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची. डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईची प्रत आपल्याकडच्या पश्चिमेच्या भिंतीवर काही वर्षांतच फिकी पडते. छपाईच्या लॅबकडून कागदाचं नाव आणि शाईचा प्रकार बिलावर लिहून घ्या. कॅनव्हासवर छापून वर वॉर्निश मारू नका. जलरंगाची प्रत कागदावरच शोभते.

नाशिकरोडचे_काका

चौकटवाली ताई, मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. आपल्या गावाला छपाईतला विश्वास नवा नाही. १९२५ साली इथे सिक्युरिटी प्रेस उभा राहिला, त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून यायची. १९२८ ला नोट प्रेस आला. आम्ही शिकलो ते एवढंच, की कोरा कागद मोजून घ्यायचा, छापलेला मोजून द्यायचा आणि खराब झालेला त्याहून काळजीनं मोजायचा. चांगल्या मालाचा हिशेब सगळेच ठेवतात, बिघडलेल्या मालाचा ठेवला तरच तो हिशेब खरा.

तेव्हा एक बांधीव वही करा, सुटी पानं नकोत. प्रत्येक चित्राला दोन पानं. किती कागद आले, किती चांगले निघाले, किती बिघडले, कोणत्या क्रमांकाची प्रत कोणत्या तारखेला गेली. बिघडलेली प्रत चित्रकारासमोर फाडा आणि वहीत दोघांच्या सह्या घ्या. लिनोचा ब्लॉक शेवटच्या प्रतीनंतर आरपार रेघ मारून रद्द करायचा आणि त्या रेघेसकट एक छाप काढून वहीला लावायचा. गिऱ्हाइकानं शंका काढली तर वही पुढे ठेवा. मोठमोठ्या प्रमाणपत्रांपेक्षा ती वही बोलेल.

अजून एक सांगतो. छापील चित्र घरात लावणं हे मराठी माणसाचं जुनं प्रेम आहे. पुण्याचा चित्रशाळा प्रेस १८७८ चा. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ ला मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती किती घरांत पोहोचल्या! आमच्या घरी दीनानाथ दलालांची दिवाळी अंकावरची मुखपृष्ठं वडील ब्लेडनं कापून मढवून घेत. बैठकीच्या खोलीत तीन होती. स्वस्त आणि सुंदर चित्र आपल्याला कायम हवं होतं. तुम्ही करताय त्यात नवं ते हे, की प्रत्येक प्रतीमागे चित्रकाराच्या हातात पैसे जाणार. ते जपा.

गंगापूररोड_स्केच

मी चित्रकार आहे, म्हणून वाट्याबद्दल लिहिते.

एका विक्रेत्याला मी एका चित्राची फाइल दिली होती, पंचवीस प्रतींसाठी. पैसे वेळेवर मिळाले. पुढे तेच चित्र एका हॉटेलच्या लॉबीत कॅनव्हासवर दिसलं, नंतर कुणीतरी कपावर छापलेलं पाठवलं. मला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते ज्या आजींनी माझ्याकडून दहावी प्रत घेतली होती त्यांच्यासाठी. त्यांनी पेन्शनमधून घेतली होती, नातीच्या खोलीत लावायला, 'अशा पंचवीसच आहेत' हे ऐकून. त्यांचा विश्वास मोडला गेला आणि त्यांना ते माहीतही नाही.

म्हणून माझी विनंती. मोठी फाइल चित्रकाराकडेच राहू द्या, छपाईला चित्रकार स्वतः लॅबला जाईल. प्रत्येक प्रतीवर सही हातानं होऊ द्या, छापलेली सही नको. विक्री झाली की महिनाअखेर पैसे, 'सगळ्या संपल्यावर बघू' नको. आणि 'तुझं नाव होईल' हे वाक्य कृपया कधीही वापरू नका. आम्ही ते फार ऐकलंय.

रक्कम म्हणाल तर विक्री किमतीच्या चाळीस टक्के मला न्याय्य वाटतात, छपाईचा खर्च तुम्ही करत असाल तर. हिशेब बघा: ए-फोरची प्रत ९०० रुपयांना. छपाई आणि कागद २६०, पाकीट-पुठ्ठा ६०, चित्रकार ३६०, दुकान २२०. साठ प्रती गेल्या तर चित्रकाराला २१,६०० मिळतात. हे मूळ चित्राच्या किमतीपेक्षा जास्त आहे आणि मूळ चित्र अजून त्याच्याकडेच आहे! माझ्यासारखीला यात दोन-तीन महिन्यांचं खोलीभाडं आणि रंग निघतात. शिकवण्या कमी करून चित्राला बसता येतं. 'कलाकाराला आधार' म्हणतात तो मला असाच हवा आहे, मोकळ्या दुपारींचा.

दुकानाचा वाटा कमी वाटत असेल तर फ्रेम तुमचीच आहे, त्यात तुमची कमाई वेगळी होईल.

सीबीएसजवळची_वकील

गंगापूररोड_स्केच यांच्या बाबतीत लेखी काही नव्हतं असं दिसतं, तिथेच गाठ अडली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराचा. मूळ चित्र विकलं म्हणून तो हक्क विकत घेणाऱ्याकडे जात नाही, हे गिऱ्हाइकांनाही माहीत नसतं. चौकटवाली, तुम्ही हक्क विकत घेऊ नका, फक्त परवाना घ्या. एका पानावर मराठीत लिहा: कोणतं चित्र, कोणत्या आकारात, एकूण किती प्रती, किती मुदत, कोणत्या प्रदेशात, प्रतीमागे किती रुपये. खाली चित्रकाराची सही. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. म्हणून मोकळी जागा ठेवू नका.

एक खाच आहे. कुणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं असेल, समजा गंगापूर धरणाकडच्या एखाद्या होमस्टेनं, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा ठरू शकतो. तसल्या चित्राच्या प्रती काढण्याआधी त्यांची लेखी परवानगी घ्या. फ्रेमच्या मापासाठी चित्र कडेनं कापू नका, रंग बदलू नका. आपल्या कामाची मोडतोड होऊ न देण्याचा चित्रकाराचा हक्क कायद्यानं वेगळा राखलेला आहे, कॉपीराइट विकल्यावरही तो उरतो.

काकांनी रविवर्म्याचं नाव काढलं म्हणून सांगते. कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं आज कुणीही छापू शकतं. दलालांचं तसं नाही, ते १९७१ मध्ये गेले. जुनी मुखपृष्ठं छापून विकायचा मोह झाला तर थांबा.

जीएसटीची नोंदणी फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा लागत नाही, पण राज्याबाहेर पाठवू लागलात की नियम बदलतात. तेव्हा सीएला विचारूनच पुढे जा.

चौकटवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुकान बंद केल्यावर त्या दोघा चित्रकारांना बोलावलं आणि हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. जे ठरलं ते लिहिते.

रहाडीचा लिनोकट: चाळीस प्रती, चार ए. पी., किंमत १,२००. छपाई तिचीच, कागदाचा खर्च माझा, निम्मे पैसे तिचे, कारण इथे मेहनत सगळी तिच्या मनगटाची आहे. दुतोंड्या मारुती: ए-फोरच्या साठ, ए-टूच्या पंधरा आणि ए. पी. सात. एकूण ब्याऐंशी, बस्स, यापुढे एकही नाही. छोटी ९०० ला, मोठी ४,५०० ला, दोन्हीत चाळीस टक्के त्याचे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हिशेब. वही आणली, काका, बांधीव, लाल पाठीची.

प्रत्येक प्रतीमागे पुठ्ठ्यावर एक चिठ्ठी असेल. चित्रकाराचं नाव मोठ्या अक्षरात, चित्र कुठलं, कसं छापलं, कागद, शाई, एकूण प्रती, आणि 'या किमतीतले इतके रुपये चित्रकाराला मिळतात' ही ओळ, छोट्या दुतोंड्यावर ३६०. यजमान म्हणाले, आपला नफा लोक मोजतील. मोजू देत. भाजीवाला आपली आकडेमोड सांगत नाही हे खरं, पण इथे गिऱ्हाइकाला आपण चित्राबरोबर ती गोष्टसुद्धा देतोय की त्याचे पैसे कुठे गेले.

सिंहस्थासाठी घाटांची चित्रं हजारोंनी छापून विकावीत असंही एकानं सुचवलं. २०२७ मध्ये गर्दी होणारच आहे. त्यावर असं ठरलं की भाविकांसाठी वेगळी पोस्टकार्डं करायची, त्यासाठी वेगळी रेखाटनं, त्यावर आकडा नाही, सही नाही, पन्नास रुपये. मर्यादित प्रतींतलं एकही चित्र त्यात घ्यायचं नाही.

एक अडचण राहिली. सात घोडे मागायला आलेल्या माणसाला दुतोंड्याकडे कसं वळवू? त्यांची निवड मला कमी लेखायची नाही.

सिडकोची_शिक्षिका

मी तुमचं होणारं गिऱ्हाईक आहे, म्हणून सांगते. मला चित्रातलं कळत नाही, असं मी पंचवीस वर्षं समजत होते. प्रदर्शनात गेले की कोपऱ्यात उभी राहायचे, कुणी काही विचारेल म्हणून. दुकानात मात्र माणूस निवांत असतो, फ्रेम होईपर्यंत थांबायचंच असतं. समोर डोळ्यांच्या उंचीवर ते चित्र लावून ठेवा, मढवलेलं, किमतीसह. किंमत विचारायला लागली की आम्ही विचारत नाही, निघून जातो. आणि वळवू नका कुणाला. दुतोंड्याच्या छातीपर्यंत पाणी आलं की गावात काय होतं हे प्रत्येक नाशिककराला ठाऊक आहे. एवढंच म्हणा, की हे आपल्या अमुक मुलानं घाटावर बसून काढलंय. बाकी बोलणं गिऱ्हाईक स्वतःच सुरू करेल, पुराची आपापली आठवण सांगत.

शिवाय लग्नात, वास्तुशांतीला आम्ही हजार-बाराशेचा आहेर करतोच. चांदीच्या वाटीऐवजी हे देता येईल असं पाकीट करा, चपटं, कडक पुठ्ठ्याचं. माझ्यासाठी रहाडीची एक प्रत ठेवा. क्रमांक कोणताही चालेल.

लाकूड_आणि_शाई

शिक्षिकाबाई, क्रमांक कोणताही चालेल हे अगदी बरोबर. पहिली प्रत चाळिसावीपेक्षा भारी असं लिनोत काही नसतं.

ताई, मढवण्यातली तुमची जाण माझ्याहून जास्त, तरी सुती कागदापुरतं सांगतो. काच थेट चित्राला टेकू देऊ नका, पावसाळ्यात दमटपणानं कागद काचेला चिकटतो आणि बुरशीचे तपकिरी ठिपके धरतात. मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच, तोही आम्लमुक्त. साध्या माउंटबोर्डाची कापलेली कड पिवळी पडते आणि तो पिवळेपणा चित्रात उतरतो. मागे हार्डबोर्ड थेट कागदाला लावू नका, मध्ये एक आम्लमुक्त पुठ्ठा घाला. चित्राला फेव्हिकॉल नको, सेलोटेप तर नकोच. कागदाचेच त्रिकोणी कोपरे करून चित्र त्यात बसवायचं, म्हणजे दहा वर्षांनी कुणाला फ्रेम बदलावीशी वाटली तरी चित्र सुटं, स्वच्छ निघेल. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळती राहते. जुन्या वाड्यांच्या ओलसर भिंतींना हे फार गरजेचं आहे.

त्या मुलीला सांगा, चाळीस प्रती ब्लॉकवर कागद ठेवून चमच्यानं घासून काढायच्या म्हणजे खांदा भरून येईल आणि काळा रंग सगळीकडे सारखा बसणार नाही. माझा प्रेस रविवारी रिकामा असतो. कागद आणि शाई घेऊन सातपूरला या, भाडं नको.